तारीख उलटली, कळांचा पत्ता नाही

प्रश्न : माझी थोरली लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून आज चौथा दिवस. कळांचं नावच नाही. खाते, झोपते, टीव्ही बघते. डॉक्टरीणबाई म्हणतात, "सगळं व्यवस्थित आहे, थांबू." जावईबापू पुण्याहून सकाळ-संध्याकाळ फोन करून विचारतात, "काही हालचाल?" शेजारच्या काकू एरंडेलाची बाटली घेऊन तयारच आहेत. फायलीत तीन सोनोग्राफ्या आहेत आणि तिन्हींवर तारखा वेगवेगळ्या. सासूबाई सांगायच्या, त्यांच्या वेळी सुईण तारीख-बिरीख देत नसे. दिवस भरले की पोट दुखायला लागायचं. मला काळजीपेक्षा कुतूहल जास्त आहे (थोडी काळजीही आहेच). ही तारीख काढतात कशी? कळा सुरू कोण करतं, आई की बाळ? आणि वाट बघायची ती कुठवर?
— एक होणारी आजी, कराड

उत्तर : आजीबाई (आत्तापासूनच म्हणते, चार दिवसांनी म्हणायचंच आहे), आधी तारखेचं बघू.

हे गणित दोनशे वर्षांचं जुनं आहे. जर्मनीत हायडेलबर्गला फ्रान्झ नेगेले नावाचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक होते, त्यांच्या नावाने ते ओळखलं जातं. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्यायचा, त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. पाळी १० जानेवारीला आली असेल तर तारीख १७ ऑक्टोबर. दिवस मोजले तर २८०, म्हणजे पुरे चाळीस आठवडे. आपल्या घराघरांत 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणतात. पाळीपासून मोजलं तर प्राध्यापकांच्या आणि तुमच्या सासूबाईंच्या हिशेबात फरक फक्त दोन दिवसांचा निघतो. सुईण तारीख देत नसेल, पण हिशेब तिच्याकडेही होता.

या गणितात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : बाईची पाळी अठ्ठावीस दिवसांनी येते आणि बीज चौदाव्या दिवशी सुटतं. ज्यांची पाळी पस्तीस दिवसांनी येते, त्यांची तारीख तिथेच आठवडाभर चुकते. शिवाय पाळीचा दिवस सगळ्यांना आठवतोच असं नाही. ओपीडीत विचारलं तर उत्तर येतं, "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी बाजूला बसले होते बघा." मग पंचांग उघडायचं आणि तारीख लावायची. त्यात लाजण्यासारखं काही नाही, बऱ्याचदा ते उत्तर अगदी अचूक निघतं.

म्हणून सोनोग्राफी. आणि तुमच्या तीन तारखांचं कोडं इथेच सुटतं. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळपास एकाच वेगाने वाढतात. त्या वेळी डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजली की वय पाच-सात दिवसांच्या फरकाने कळतं. पुढे प्रत्येक बाळ आपापल्या अंगलटीप्रमाणे वाढतं. आठव्या-नवव्या महिन्यात मशीन डोकं, पोट, मांडीचं हाड मोजतं आणि 'या मापाचं बाळ साधारण इतक्या आठवड्यांचं असतं' असं छापून देतं. तो आकाराचा अंदाज असतो, वयाचा नव्हे, आणि तो दोन-तीन आठवडे सहज इकडेतिकडे होतो. बाळ अंगाने बारीक असेल तर नवव्या महिन्यातल्या रिपोर्टवर तारीख पुढे ढकललेली दिसते आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, "अजून वेळ आहे." खरं तर अशा बाळाकडे जास्त लक्ष द्यायला हवं. तेव्हा तिन्ही कागदांतला पहिला बाजूला काढा. त्यावरची तारीख खरी धरायची, बाकीच्या दोन विसरायच्या.

आता ती खरी तारीखसुद्धा किती खरी? शंभरातल्या चार-पाच जणीच नेमक्या त्या दिवशी बाळंत होतात. अमेरिकेतल्या एका अभ्यासात १२५ बायकांचा बीज सुटल्याचा दिवस लघवीतल्या हार्मोन्सवरून पक्का केलेला होता. म्हणजे पाळीचा, आठवणीचा घोळच नाही. तरीही, वेळेआधी झालेली बाळंतपणं वगळून, सगळ्यात लवकर आणि सगळ्यात उशिरा झालेल्या जन्मात ३७ दिवसांचं अंतर निघालं. तुमच्या लेकीचे चार दिवस त्यापुढे काहीच नाहीत. डॉक्टरांनी कार्डावर तारखेऐवजी पंधरवडा लिहून दिला असता तर जावईबापूंचे निम्मे फोन वाचले असते, असं मला अनेकदा वाटतं.

तुमचा दुसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला. कळा कोण सुरू करतं? याचा पहिला पक्का धागा मेंढीकडून मिळाला. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला ग्रॅहम लिगिन्स नावाचे डॉक्टर होते. १९६०च्या दशकात त्यांनी मेंढीच्या पोटातल्या कोकराच्या मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी नष्ट करून पाहिली. मेंढीचे दिवस भरले, उलटले, तरी ती व्यायला तयार होईना. उलट पोटातल्या कोकराला कॉर्टिसॉल हे स्टेरॉइड दिलं की ती वेळेआधीच व्याली. म्हणजे मेंढीपुरतं उत्तर मिळालं : निरोप कोकराकडून निघतो. याच प्रयोगांत त्यांना दिसलं की औषध दिलेली कोकरं जगू नयेत इतक्या लवकर जन्मूनही श्वास घेत होती. त्यातूनच १९७२ साली, रॉस हॉवी यांच्यासोबत, वेळेआधी कळा सुरू झालेल्या आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देण्याचा मार्ग निघाला. आज सातव्या-आठव्या महिन्यात कळा आल्या की आपल्याकडे "बाळाच्या फुप्फुसांची इंजेक्शनं दिली" म्हणतात ती हीच.

माणसाचं प्रकरण मेंढीइतकं सरळ नाही. बाळाचा वाटा आहेच, पण वारेचाही मोठा आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी १९९५ साली दाखवलं की वारेतून आईच्या रक्तात येणारं सीआरएच नावाचं एक संप्रेरक चौथ्या-पाचव्या महिन्यातच ज्यांच्यात जास्त असतं त्या पुढे लवकर बाळंत होतात, आणि ज्यांच्यात कमी त्या उशिरा. म्हणजे घड्याळाला चावी फार आधी दिलेली असते. शेवटच्या आठवड्यांत हे सीआरएच झपाट्याने वाढतं. नऊ महिने गर्भाशयाला शांत ठेवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचं गर्भाशय ऐकेनासं होतं, त्याच्या स्नायूंत कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनला दाद देणारे ग्राहक वाढतात, स्नायूंच्या पेशी एकमेकींशी जोडल्या जातात आणि सगळं गर्भाशय एकदम आवळायला शिकतं. आईचं शरीर, वार आणि बाळ यांचं एकमत झालं की कळ. तिघांतलं शेवटचं बोट कुणाचं, यावर अजून शिक्कामोर्तब झालेलं नाही.

बाहेरून शांत दिसणारे हे दिवस आत रिकामे नसतात. तुमच्या लेकीला आतून तपासताना डॉक्टरीणबाई काय बघतात ते सांगते. गर्भाशयाचं तोंड नऊ महिने घट्ट, लांब आणि मागे वळलेलं असतं. बोटाला ते नाकाच्या शेंड्यासारखं कडक लागतं. दिवस भरत आले की तेच ओठासारखं मऊ होतं, आखूड होतं, पुढे येतं, आणि एखादं बोट आत जाईल इतकं उघडतं. याचे गुण देण्याची पद्धत एडवर्ड बिशप यांनी १९६४ साली घालून दिली. तोंड किती उघडलं, किती आखूड झालं, किती मऊ, कुठल्या दिशेला, आणि बाळाचं डोकं किती खाली, अशा पाच गोष्टी. गुण चांगले असतील तर कळा आपोआप येवोत वा आणाव्या लागोत, काम सोपं जातं. "पोट उतरलं" असं तुम्ही म्हणता ना, ते डोकं खाली सरकल्याचंच लक्षण. मुलीला जेवण दोन घास जास्त जायला लागतं, छातीवरचा भार हलका होतो आणि बाथरूमच्या फेऱ्या वाढतात.

आता कुठवर थांबायचं. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

बाकी सगळं ठीक असेल तर ४१ आठवडे, म्हणजे तारखेनंतर सात दिवस, वाट बघण्यात गैर काही नाही. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की कुठली गुंतागुंत नसेल तर ४१ आठवड्यांच्या आत कळा आणायची गरज नाही, आणि ४१ पूर्ण झाले की आणाव्यात. त्यापुढे रेटू नये, कारण वार थकायला लागते. दीड कोटी गर्भारपणांच्या नोंदी एकत्र करून २०१९ साली एक आढावा निघाला. पोटात बाळ दगावण्याचा धोका ३७ व्या आठवड्यात हजारी ०.११ होता, ४२ व्या आठवड्यात ३.१८. आकडा लहानच आहे, पण चढ बघा. त्याच वर्षी छापून आलेला स्वीडनमधला एक प्रयोग मध्येच थांबवावा लागला होता. ४१ व्या आठवड्यात कळा आणायच्या की ४२ पर्यंत थांबायचं, हे २,७६० बायकांत तपासत होते. थांबलेल्या गटात सहा बाळं गेली, दुसऱ्या गटात एकही नाही.

आपल्याकडच्या बायकांसाठी आणखी एक गोष्ट, जी मराठीत फारशी लिहिली जात नाही. लंडन भागातल्या १९८८ ते २००० मधल्या १,२२,४१५ पहिलटकरणींच्या नोंदी तपासल्या तेव्हा गोऱ्या बायकांचं गर्भारपण साधारण ४० आठवड्यांचं, तर भारतीय उपखंडातून आलेल्या आणि कृष्णवर्णीय बायकांचं ३९ आठवड्यांचं दिसलं. मेलबर्नच्या मोनाश हेल्थ या आरोग्यसेवेने तर २०१७ पासून दक्षिण आशियात जन्मलेल्या गर्भवतींसाठी बाळाची जादा तपासणी ३९ आठवड्यांपासूनच सुरू करायचं ठरवलं. याचा अर्थ आपल्या मुलींना घाईने कळा आणाव्यात असा मी लावत नाही. पण तारीख उलटली की 'अजून आठ दिवस बिनघोर' असं समजून घरी बसू नये. दोन-तीन दिवसांआड दवाखान्यात जाऊन पोटाला पट्टे लावून ठोक्यांची पट्टी काढावी, गर्भजल बघावं. तुमच्या डॉक्टर "थांबू" म्हणतात त्यात ही तपासणी धरलेली आहे ना, एवढं आज फोन करून विचारून घ्या.

बीपी वाढलं, साखर आहे, बाळ वाढत नाही, पाणी कमी झालं, आधीचं सीझर आहे, यांतलं काही असेल तर वरचे नियम लागू नाहीत. तिथे डॉक्टर सांगतील ती तारीख.

कळा आणतात म्हणजे काय करतात, याचीही घरोघरी धास्ती असते. "सलाईन लावलं की सीझरच होतं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! अमेरिकेत ६,१०६ निरोगी पहिलटकरणींवर झालेल्या आणि २०१८ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात ३९ व्या आठवड्यात कळा आणलेल्यांमध्ये सीझरचं प्रमाण १८.६ टक्के, तर वाट बघितलेल्यांमध्ये २२.२ टक्के निघालं. तिथल्या दवाखान्यांतली धीराने थांबण्याची रीत सगळीकडे असेलच असं नाही, तेव्हा हा आकडा जसाच्या तसा इकडे लावू नका. पण कळा आणणं म्हणजे सीझरला आमंत्रण, हेही खरं नाही. आणायची रीत मात्र आपल्याच नागपूरच्या सरकारी दवाखान्यांत तपासली गेली आहे. बीपी वाढलेल्या ६०२ बायकांत मिसोप्रोस्टॉलची अगदी थोड्या मात्रेची गोळी तोंडाने द्यायची की गर्भाशयाच्या तोंडात नळीचा छोटा फुगा ठेवायचा, याची तुलना झाली. चोवीस तासांत नॉर्मल बाळंतपण गोळीने ५७ टक्क्यांत झालं, फुग्याने ४७ टक्क्यांत. हा अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्या गोळीची मात्रा आणि वेळ चुकली तर गर्भाशय फाटू शकतं, म्हणून ती दवाखान्यातच घ्यायची, औषधाच्या दुकानातून आणून घरी कधीच नाही.

आता काकूंची बाटली. एरंडेलाने गर्भाशय आवळतं, यात तथ्य आहे. त्यातलं रिसिनोलेइक आम्ल आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या स्नायूंवर एकाच प्रकारच्या ग्राहकांमार्फत काम करतं, हे २०१२ साली उंदरांत दिसलं. पण आधी आतडं, मग गर्भाशय. रात्रभर जुलाब होऊन अशक्त झालेली मुलगी कळांना तोंड कशी देणार? बाटली परत करा, काकूंना चहा द्या. खजूर हवा तर खाऊ द्या : जॉर्डनमध्ये शेवटचे चार आठवडे रोज सहा खजूर खाल्लेल्या बायकांत आपोआप कळा येण्याचं प्रमाण जास्त दिसलं. अभ्यास अगदी लहान होता, पण खजुराने कुणाचं वाईट होत नाही; साखर असलेल्या मुलीने मात्र विचारून. चालणं चांगलं, जिने चढ-उतर करून दमवणं नको. अननस, केशराचं दूध यांनी कळा येत नाहीत. ४१ आठवडे जवळ आले की डॉक्टर आतून तपासतानाच बोटाने पाण्याच्या पिशवीचा पडदा कडेने सुटा करतात, त्याने बऱ्याच जणींना दोन-चार दिवसांत कळा येतात. दुखतं थोडं, लाल डाग दिसतो, घाबरायचं नाही. घरगुती उपायांपेक्षा हा उपाय परवडला.

आणि निघायचं केव्हा? खोट्या कळा येतात, जातात, कूस बदलली की थांबतात. खऱ्या कळा कमरेतून पुढे येतात, दर कळेगणिक जवळ येतात आणि जोर धरतात. दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या, तासभर अशाच राहिल्या की निघा. पाणी गेलं तर कळा नसल्या तरी निघा, आणि पाण्याचा रंग बघून ठेवा. हिरवट असेल तर बाळाने आत शी केली आहे, जाताच सांगा. रक्त जात असेल तर लगेच. डोकं फुटायला आलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तरीही लगेच. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर त्याच वेळी निघा, रात्री दोन वाजले असले तरी. "शेवटी शेवटी जागा नसते म्हणून बाळ हलत नाही" असं सांगणारी एक तरी मावशी प्रत्येक घरात असते. ते खोटं आहे. हालचालीची धाटणी बदलते, बाळ उड्या मारण्याऐवजी सरकतं, पण ती कमी होत नाही.

कराडात दवाखाना हाताशी आहे म्हणून तुम्ही कळांची वाट घरी बघू शकता. गडचिरोलीत पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. अशा आदिवासी भागांत आरोग्य केंद्रांच्या आवारात 'माहेरघर' बांधलेली आहेत. तारखेच्या काही दिवस आधीच बाई तिथे येऊन राहते, सोबत घरचं एक माणूस, लहान मूल असेल तर तेही. तिथे तारीख काढण्याला वेगळंच महत्त्व येतं : ती दोन आठवडे चुकली तर बाई घरची शेती सोडून उगाच बसून राहते, नाहीतर वाटेत नदीकाठी अडकते.

प्रश्न : कळा नेमक्या रात्रीच का सुरू होतात? आमच्या घरात तिन्ही मुलं पहाटेची.
— एक आजोबा, सावंतवाडी

उत्तर : तुमचं घर नियमाला धरून आहे. इंग्लंडमधल्या २००५ ते २०१४ या काळातल्या पन्नास लाखांवर जन्मांच्या वेळा तपासल्या तेव्हा आपोआप कळा येऊन झालेले जन्म पहाटे चारच्या सुमारास सर्वांत जास्त निघाले. ठरवून केलेली सीझर अर्थातच कामाच्या दिवशी, सकाळी नऊ ते बारा. अंधार पडला की शरीरात मेलॅटोनिन हे संप्रेरक वाढतं आणि ते गर्भाशयाच्या स्नायूवर ऑक्सिटोसिनचा जोर वाढवतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. अमावास्या-पौर्णिमेचा मात्र काही संबंध नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधल्या साडेपाच लाखांहून जास्त जन्मांची चंद्राच्या कलांशी सांगड घालून पाहिली, फरक आढळला नाही.

प्रश्न : वाट बघण्यापेक्षा चांगला मुहूर्त काढून सीझर केलं तर काय बिघडलं?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : सीझरला वैद्यकीय कारण नसेल तर पोटावरचा टाका, पुढच्या बाळंतपणातली जोखीम आणि महिनाभराचं दुखणं हे सगळं त्या मुहूर्तापायी आई सोसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशात २१.५ टक्के बाळंतपणं सीझरने झालेली दिसतात, आणि खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के. त्यात मुहूर्ताची भर नको. कारण असेल आणि सीझर ठरलेलंच असेल तर दिवस निवडायला थोडी मुभा असते, पण ३९ आठवडे पुरे झाल्यावरच. त्याआधी ठरवून काढलेल्या बाळांना धाप लागून काचेच्या पेटीत ठेवायची वेळ जास्त येते. तेव्हा ज्योतिषीबुवांकडे जाण्याआधी डॉक्टरांकडून पहिल्या सोनोग्राफीप्रमाणे ३९ आठवडे कोणत्या तारखेला पुरे होतात ते लिहून घ्या, आणि बुवांना त्या तारखेच्या पुढचंच पान उघडायला सांगा.